आईला घेऊन सिंगापूर : कागदपत्रांपासून कावडीपर्यंत

माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही आणि १६ जानेवारी २०२४ पर्यंत ती कधीही विमानात बसलेली नव्हती. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, २०१९ च्या अखेरीस आपल्या मुलाकडे सिंगापूरला गेली. पाठोपाठ करोनाचा काळ आला आणि नंतर या ना त्या कारणाने दोघी बहिणींची भेट लांबतच गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये मावशी फोनवर रडली, तेव्हा आईने फोन ठेवता ठेवता मला एवढेच विचारले, "मला नेशील का गं तिकडे?" सासवडहून सिंगापूरला एका माळकरी, सातवीपर्यंत शिकलेल्या आईला घेऊन जायचे म्हणजे काय काय करावे लागेल, याची मला तेव्हा काहीच कल्पना नव्हती. ज्यांना आपल्या आईवडिलांना असेच कुठे न्यायचे आहे, त्यांना थोडा आधार वाटावा म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

पहिली अडचण आमच्या घरातच होती. आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५२ आहे. आमच्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचाच असतो, कारण मुलाला शाळेत घालताना गुरुजी तीच तारीख लिहून घेत. पॅन कार्डावरही हीच तारीख होती. आधार काढताना मात्र कोणीतरी नुसते वर्ष सांगितले असावे, म्हणून तिथे १ जानेवारी १९५२ पडले. इतकी वर्षे या पाच महिन्यांच्या फरकाने कोणाचेच काही अडले नव्हते. पासपोर्टचा अर्ज मी ऑनलाइन भरला. पहिल्यांदाच पासपोर्ट काढणाऱ्या साठीपुढच्या व्यक्तींना शुल्कात दहा टक्के सवलत असल्याने १,५०० ऐवजी १,३५० रुपये भरावे लागले. २८ ऑगस्टची वेळ मिळाली. दोन खिडक्या पार करून आम्ही तिसरीपर्यंत पोहोचलो आणि तिथे दोन तारखांमुळे अर्ज थांबला. आईचा चेहरा उतरला. स्वतःच्या जन्माबद्दल आपण काही खोटे बोललो की काय, असा अपराधी भाव तिच्या तोंडावर होता आणि तो पाहून मला फार वाईट वाटले.

४ सप्टेंबरला आम्ही आधारच्या केंद्रावर गेलो. दुरुस्तीचे शुल्क ५० रुपये होते, पण खरा प्रश्न अंगठ्याचा निघाला. आयुष्यभर शेतातली खुरपणी, भाकरी आणि भांडी यांत आईच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की यंत्राला त्या दिसेनात. चार वेळा प्रयत्न झाला. शेवटी केंद्रावरच्या मुलाने तिला हात साबणाने धुऊन, कोरडे करून, थोडे खोबरेल चोळून पुसून यायला सांगितले, तेव्हा ठसा उमटला. ही युक्ती लक्षात ठेवावी. आम्हाला ती पुढे आणखी दोनदा उपयोगी पडली. दुरुस्त झालेले आधार २५ सप्टेंबरला दिसू लागले, पासपोर्टसाठी त्याच शुल्कात ५ ऑक्टोबरची वेळ मिळाली, १७ तारखेला पोलीस पडताळणी झाली आणि २ नोव्हेंबरला टपालाने पासपोर्ट घरी आला. आई दहावी झालेली नसल्याने तिच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असे सांगणारा, शिक्का पडेल आणि पुढे अडचण येईल, असे एका परिचितांनी सांगून आम्हाला घाबरवले होते. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो शिक्का लागत नाही, हे माहीत असते तर दोन रात्रींची झोप वाचली असती.

सिंगापूरसाठी भारतीयांना आधी व्हिसा घ्यावा लागतो. तो अधिकृत एजंटांमार्फत मिळतो. अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ठरावीक मापाचा फोटो, तिकिटांची प्रत आणि राहण्याचा पत्ता ही मुख्य कागदपत्रे. पासपोर्ट प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असावा लागतो. माझा मावसभाऊ तिथला कायम रहिवासी असल्याने त्याने परिचयपत्र भरून पाठवले. अर्ज प्रवासाच्या तीस दिवसांच्या आतच करायचा असतो, त्यामुळे नोव्हेंबरात घाई करून उपयोग नव्हता. आम्ही २२ डिसेंबरला अर्ज दिला आणि २९ ला ईमेलवर व्हिसा आला. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही; एजंटाची फी धरून आम्हाला माणशी २,९०० रुपये पडले. आईचा फोटो मात्र दोनदा काढावा लागला, कारण पहिल्यात पदर डोक्यावरून कपाळापर्यंत आला होता.

सामान भरताना मला सर्वांत जास्त अभ्यास करावा लागला. आईला मिश्रीची जुनी सवय. सिंगापुरात तोंडात धरायची तंबाखू, गुटखा, जर्दा अशा कोणत्याही रूपात आणता येत नाही, आणि मिश्री ही भाजलेली तंबाखूच. आईला हे सांगणे मला पासपोर्टच्या खिडकीपेक्षाही अवघड गेले. तिने दोन दिवस विचार केला आणि डबी देवघराच्या मागे ठेवून दिली. खसखस अफूच्याच झाडाची असल्याने तीही मसाल्यातून काढून टाकली. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. रक्तदाबाच्या गोळ्यांना काही अडचण नाही, पण झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांना तिथल्या खात्याची आधी परवानगी लागते. प्रवासाआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. ते आम्ही १५ जानेवारीला भरले. ते पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात.

तिकिटे येण्याजाण्याची माणशी ३६,५०० रुपयांना पडली होती आणि आईसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. तरीही मुंबईला विमानतळावर ती मिळायला पाऊण तास लागला, म्हणून वयस्कर माणूस बरोबर असेल तर चार तास आधी पोहोचावे असे मी आवर्जून सांगेन. सुमारे साडेपाच तासांच्या प्रवासात आई जागीच होती. खिडकीतून उजाडताना तिने हात जोडले, ते सूर्याला की ढगांना हे मी विचारले नाही.

चांगी विमानतळावर पुन्हा अंगठा. काउंटरवरच्या तरुणीने तीनदा प्रयत्न केला, मग स्वतः उठून ओला कागदी रुमाल आणून आईच्या हातात दिला आणि आपल्या अंगठ्याने तो कसा दाबायचा ते दाखवले. "आंटी, स्लोली," एवढेच ती म्हणाली. आईला शब्द कळला नाही, पण अंगठा उमटला. तिथे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहता येईल हे ईमेलने कळवतात; तो ईमेल जपून ठेवावा. बाहेर मावशी उभी होती. त्या भेटीबद्दल मी काही लिहिणार नाही.

मावसभावाचे घर टँपिनीस या पूर्वेकडच्या उपनगरात, सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या इमारतीत आहे. सिंगापुरातले जवळजवळ ८० टक्के रहिवासी अशाच इमारतींत राहतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने झोपड्या आणि दाटीवाटीच्या चाळी हटवून ही घरे बांधली. या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा ठेवलेला असतो, नुसते खांब आणि फरशी. आम्ही पोहोचल्यानंतरच्या शनिवारी त्याच जागेत एका मलय कुटुंबाचे लग्न झाले. सकाळपासून मंडप सजला, मोठ्या पातेल्यांत भात शिजू लागला, दुपारी डफासारखी वाद्ये वाजवत मुले नवरदेवाला घेऊन आली. आई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून दोन तास पाहत होती. पुढच्याच आठवड्यात त्याच खांबांमध्ये पांढरे कापड लावले गेले, गोल टेबले मांडली गेली आणि एका चिनी आजोबांच्या अंत्यविधीसाठी तीन दिवस लोक येत राहिले. येणाजाणारे शेजारी आवाज खाली करून बाजूने जात होते.

मला वाटले होते की माणसे आपणहून अशी एकमेकांशेजारी राहायला आली असतील. मावसभावाने सांगितले तेव्हा कळले की त्यामागे नियम आहे. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक वस्तीत चिनी, मलय आणि भारतीय व इतर यांचे प्रमाण किती असावे याची मर्यादा ठरवलेली आहे. त्याला स्वतःला जी इमारत आवडली होती, तिथे भारतीयांची मर्यादा भरलेली असल्याने त्याने दोन इमारती पलीकडचे घर घेतले. १९६४ मध्ये पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी या शहरात मलय आणि चिनी समाजांत भीषण दंगल झाली होती. त्यानंतरच्या वर्षी, ९ ऑगस्ट १९६५ ला, सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले. वेगवेगळ्या वस्त्या झाल्या की काय होते हे ज्यांनी पाहिले होते, त्यांनी हा नियम केला. आपले घर कोणाला विकावे यावर सरकारने मर्यादा घालावी का, असा प्रश्न माझ्या मनात आला, आणि भाऊही म्हणाला की विकताना गिऱ्हाईक कमी मिळाल्याने काहींचे नुकसान होते. पण जिन्यात रोज भेटणारी माणसे पाहून मला हा नियम योग्यच वाटला, आणि तो आपल्याकडच्या शहरांत करून दाखवण्याचे धैर्य कोणात असेल का, हा विचार अजून मनातून जात नाही.

रविवारी, २१ तारखेला, पुत्रदा एकादशी होती आणि आईचा उपवास. समोरच्या घरातल्या मलय बाई कालच्या लग्नातली मिठाई झाकलेल्या ताटलीत घेऊन आल्या. आईने हाताने नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर पडला. तेवढ्यात मावशी आतून आली आणि म्हणाली, "पुआसा." लगेच त्यांनी छातीला हात लावला, मान हलवली आणि ताटली मावशीच्या हातात देऊन उद्या असे खुणेने सांगितले. मलय भाषेत उपवासाला पुआसा म्हणतात आणि तो शब्द आपल्या उपवासापासूनच गेलेला आहे. भाषेला बहासा, गुरूला गुरू, भूमीला बुमी. शहराचे नावही मलय भाषेत सिंगापुरा, म्हणजे सिंहाचे नगर. दुसऱ्या दिवशी आईने पारण्यानंतर ती मिठाई खाल्ली. हिरवट रंगाच्या तांदळाच्या लहान गोळ्या, आत ताडगुळाचा पाक आणि बाहेरून ओल्या नारळाचा कीस. आई म्हणाली, "मोदकाचंच सारण, नारळ तेवढा बाहेर राहिलाय." ताटली रिकामी परत करायची नाही म्हणून तिने तिळाचे लाडू भरून दिले.

आईच्या जेवणाची मला सर्वांत जास्त काळजी होती. लिटल इंडियात दाक्षिणात्य शाकाहारी खाणावळी आहेत. सेरंगून रोडवरचे कोमला विलास १९४७ पासून चालू आहे. पण खरी सोय झाली ती चिनी बौद्धांच्या शाकाहारी गाड्यांवर. तिथे मांस-मासे तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही बहुधा वापरत नाहीत. प्रत्येक वस्तीतल्या खाद्यकेंद्रात असा एखादा ठेला असतो. या खाद्यकेंद्रांच्या संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले आहे. आम्ही गेलो तेव्हा साडेतीन ते पाच डॉलरांत पोटभर जेवण होत असे, आणि त्या महिन्यात डॉलरचा भाव ६२ रुपयांच्या आसपास होता. ताट स्वतः उचलून ठेवावे लागते, नाहीतर दंड होऊ शकतो. टेबलावर कागदी रुमालाची पुडी ठेवलेली दिसली तर ती कोणीतरी जागा धरून ठेवलेली असते. तिथे बसू नये.

शहरात फिरायला मेट्रो पुरेशी आहे. मुले सोडल्यास प्रत्येकाला वेगळे कार्ड लागते, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा ते लावायचे असते आणि आम्ही गेलो तेव्हा एका फेरीला अंतरानुसार सुमारे १.१० ते २.४० डॉलर जात. आपल्या बँकेचे कार्ड थेट लावता येते, पण परदेशी कार्डावर रोज ६० सेंट जादा पडतात. सूचनांच्या बऱ्याच पाट्या इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ या चार भाषांत असतात. आईला या चारपैकी एकही वाचता येत नाही, तरी तिसऱ्या दिवसापासून ती स्थानके ओळखू लागली. प्रत्येक मार्गाला रंग आणि प्रत्येक स्थानकाला क्रमांक आहे. निळ्या मार्गावर टँपिनीस ३२ आणि लिटल इंडिया १२. मोबाइलवरचे इंग्रजी आकडे तिला येतात, म्हणून ती डब्यात दारावरच्या पट्टीकडे पाहून एकेक आकडा कमी करत बसायची आणि १४ आले की पिशवी उचलायची. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाचाही विचार कोणीतरी केला आहे, याचे मला फार बरे वाटले.

मावशी दर आठवड्याला लिटल इंडियातल्या टेक्का मंडईत मासे घ्यायला जाते. तिचे सासर रत्नागिरीचे, त्यामुळे माशांशिवाय तिचे चालत नाही. आई माळकरी, म्हणून ती भाजीच्या बाजूला थांबायची. मी मावशीबरोबर गेले. ओल्या फरशीवर बर्फाचे ढीग, त्यावर कोळंबी, खेकडे, पापलेट, आणि मागे रबरी बूट घातलेले साठीतले चिनी विक्रेते. मावशीने एका मोठ्या माशाचे कल्ले उघडून पाहिले आणि म्हणाली, "तेंगिरी, अंकल, स्मॉल." तेंगिरी म्हणजे आपली सुरमई. त्यांनी तुकड्याची जाडी सुरीने दाखवली, मावशीने मराठीत "आणखी पातळ हो" म्हटले, त्यांनी सुरी एक सूत सरकवली. पैसे देताना त्यांनी मूठभर कोळंबी वर टाकली आणि चिनीत काहीतरी म्हणाले. मावशी मराठीत "असू दे, पुढच्या वेळी" म्हणाली. चार वर्षांत या दोघांना एकमेकांची भाषा आलेली नाही आणि व्यवहार कधी अडलेला नाही.

वॉटर्लू स्ट्रीटवर श्रीकृष्णाचे देऊळ आहे आणि त्याला लागूनच चिनी लोकांच्या ग्वान यिन देवीचे मोठे मंदिर आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा देवीचे दर्शन घेऊन बाहेर पडलेले लोक सरळ कृष्णाच्या देवळाकडे येत होते. दारात वाळूने भरलेले अगरबत्तीचे पात्र होते. एका आजींनी तीन काड्या पेटवल्या, कपाळापर्यंत नेऊन तीनदा वाकल्या आणि वाळूत सरळ उभ्या केल्या. त्यातली एक कलली, तर तिच्याभोवती बोटाने वाळू दाबून ती नीट केली. आई त्यांच्या शेजारी उभी होती. तिच्याकडे अगरबत्ती नाही असे पाहून त्या आजींनी आपल्या जुडीतल्या तीन काड्या तिला दिल्या. आईने त्या घेतल्या आणि आपल्या पद्धतीने ओवाळल्या. चायनाटाउनमध्ये साउथ ब्रिज रोडवरही असेच आहे. चुलिया, म्हणजे दक्षिण भारतातून आलेल्या, मुसलमानांची जामे मशीद, १८२७ मध्ये स्थापन झालेले मरिअम्मनचे देऊळ आणि पुढे बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर, सगळे एकाच रस्त्यावर. देवळाच्या गोपुरामुळे शेजारच्या गल्लीला पॅगोडा स्ट्रीट हे नाव पडले. त्या दिवसांत तिथे चिनी नववर्षाची, म्हणजे ड्रॅगन वर्षाची, रोषणाई चालू होती.

कांपोंग ग्लाम भागातली सुलतान मशीद मला फार आवडली. तिच्या सोनेरी घुमटाच्या तळाशी एक काळपट पट्टा दिसतो. तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. १९३२ मध्ये आजची इमारत पूर्ण झाली, तेव्हा ज्यांना पैसे देणे शक्य नव्हते अशा गरीब मुसलमानांनी बाटल्या गोळा करून दिल्या, म्हणजे त्यांचाही वाटा घुमटात राहावा.

२५ जानेवारीला थैपुसम होता. तमिळ लोकांचा मुरुगनाचा, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा, उत्सव. सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळापासून टँक रोडवरच्या दंडायुधपाणी देवळापर्यंत सुमारे तीन किलोमीटर भाविक अनवाणी चालतात. आदल्या मध्यरात्रीच्या सुमारास दुधाचे कलश निघतात, सकाळी मोठ्या कावडी. आम्ही सहा वाजता पोहोचलो. कोणी मोरपिसांची कमान खांद्यावर घेतली होती, कोणाच्या गालातून आणि जिभेतून चांदीचा भाला आरपार गेला होता, कोणाच्या पाठीत आकडे. त्यांत काही चिनी तरुणही होते. मला ते पाहवत नव्हते, पण आई पुढे सरकली. चैत्रात शिखर शिंगणापूरला जाणारी आमच्या सासवडची कावड तिने लहानपणापासून पाहिली आहे. मुंगी घाटातून हातांची साखळी करून ती वर चढवतात. माणूस दमला की भोवतीचे लोक त्याला कसे धरतात, हे तिला माहीत होते. एक कावडीवाला थांबला आणि त्याच्या बायकोने त्याच्या पायांवर पाणी ओतले, तेव्हा आई पुटपुटली, "कावडच आहे ही." मी तिला सांगितले की ते लोकही कावडीच म्हणतात.

त्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीच्या चिनी शाकाहारी ठेल्यावर गेलो तर लांबच लांब रांग. चौकशी केल्यावर कळले की चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध मांसाहार टाळतात आणि आज पंधरावा दिवस होता. तमिळांचा थैपुसम, चिनी लोकांचा पंधरावा दिवस आणि आपली शाकंभरी पौर्णिमा. तिन्ही पंचांगे एकाच चंद्रावर आली होती. भात, पालेभाजी आणि टोफू घेऊन आम्ही एका चिनी कुटुंबाच्या टेबलावर बसलो. त्यांनी सरकून जागा करून दिली.

सगळेच असे नव्हते. एका संध्याकाळी परतताना महामार्गावर आमच्या बसशेजारी एक मालवाहू गाडी आली. मागच्या उघड्या भागात वीसेक मजूर दाटीने खाली बसले होते, हेल्मेट मांडीवर, काहींच्या माना डुलक्या घेत लोंबलेल्या. बांधकामावरचे तमिळ आणि बांगलादेशी कामगार. "आपले ऊसतोडे," आई म्हणाली. दिवाळीनंतर आमच्या रस्त्यावरून ट्रकच्या ट्रक असेच जातात. हे कामगार त्या मिश्र इमारतींत राहत नाहीत. त्यांची वसतिगृहे शहराच्या कडेला आहेत, आणि रविवारी ते लिटल इंडियात भेटतात तेवढेच. त्यांना अशा गाड्यांतून नेऊ नये असे तिथलेही काही लोक वर्षानुवर्षे सांगत आहेत. ज्या शहराने प्रत्येक इमारतीत कोण किती असावे याचा इतका बारकाईने विचार केला, त्याने या माणसांनाही त्या विचारात घ्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

मावसभावाची मुलगी तिसरीत आहे. तिथे शाळेत इंग्रजीबरोबर मातृभाषा शिकावी लागते, पण मराठी त्या यादीत नाही. भारतीय मुलांना तमिळ किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतून निवडता येते. तिने हिंदी घेतली आहे, त्यामुळे तिला देवनागरी वाचता येते. रोज संध्याकाळी ती आईच्या नित्यपाठाच्या पुस्तिकेतली दोन पाने मोठ्याने वाचायची. "ळ" आला की अडायची, कारण तिच्या धड्यांत तो नाही. टाळ म्हणजे टाल, माळ म्हणजे माल. आई तिला जीभ उलटी वळवून दाखवायची. शेवटच्या आठवड्यात तिला तो जमू लागला.

३१ जानेवारीला आम्ही परतलो. राहण्याचा खर्च नसल्यामुळे, सासवड-मुंबई गाडी, विमा, व्हिसा आणि तिथला किरकोळ खर्च धरून दोघींचे मिळून सुमारे १ लाख ३७ हजार रुपये झाले. घरी आल्यावर आईने शेजारणींना दाखवायला पासपोर्ट उघडला, तर त्यात मुंबईचेच दोन शिक्के. सिंगापूरचा एकही नाही. मग तिने मेट्रोचे कार्ड काढून दाखवले, भावाने ते तिला ठेवून घ्यायला सांगितले होते. मिश्रीची डबी देवघरामागून काढलेली मी अजून पाहिलेली नाही.

सगळ्या कागदांच्या प्रती मी एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवल्या होत्या. ती फाइल सध्या शेजारच्या काकूंकडे आहे. त्यांना मुलीकडे दुबईला जायचे आहे, आणि त्यांच्या आधारवरही १ जानेवारीच आहे. येत्या सोमवारी आम्ही दोघी केंद्रावर जाणार आहोत; खोबरेलाची लहान बाटली मी पिशवीत ठेवली आहे.